ट्रक-ट्रॅक्टरच्या टायरसाठी एअर कॉम्प्रेसर कोणता घ्यावा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुणे-सोलापूर रस्त्याला आमचं टायरचं दुकान आहे. दिवाळीनंतर कारखान्यांची धुराडी पेटली की उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते. बाकी वर्षभर ट्रक, टेम्पो, जेसीबी चालूच असतात. हवा भरता भरता लोक मशीनकडे बघतात आणि विचारतात, “असलं एखादं आपणही घ्यावं म्हणतो, कोणतं घेऊ?” प्रश्न तेच तेच असतात, म्हणून एकदाच लिहून काढलं.

किती एचपीचं मशीन घेऊ?

सगळ्यात आधी हेच विचारतात, आणि उत्तर सगळ्यात शेवटी येतं. एचपी म्हणजे मोटरची ताकद. तुम्हाला मोटर नको, हवा हवी आहे. त्यामुळे आधी तीन गोष्टी सांगा. टायरात किती दाब लागतो? दिवसाला किती टायर होणार? दुकानात वीज कोणती आहे?

ढोबळ अंदाज हवाच असेल तर देतो. घरचे एक-दोन ट्रॅक्टर आणि पिकअप असेल तर एक ते दोन एचपी पुरतं. दोन-चार ट्रक स्वतःचे असतील आणि हवा फक्त आपल्यापुरती भरायची असेल तर तीन एचपी टू स्टेज (दोन टप्प्यांत हवा दाबणारं) घ्या. रस्त्यावर पंक्चरचं दुकान टाकायचं असेल तर पाच एचपी टू स्टेजच्या खाली जाऊ नका. गिऱ्हाईक ट्रकवाला असतो. त्याला माल पोचवायची घाई असते, आणि तुमचं मशीन धापा टाकत असेल तर पुढच्या वेळी तो पुढच्या दुकानात थांबतो.

टायर जितका मोठा, तितकं मशीन मोठं लागणार ना?

नाही. इथेच बहुतेकांची गल्लत होते.

ट्रॅक्टरचं मागचं १३.६-२८ मापाचं टायर छातीपर्यंत येतं. त्याच्या पोटात साधारण दोनशे लिटर जागा असते. पण शेतात त्याला हवा लागते १२ ते १८ पाउंड (दर चौरस इंचाला), म्हणजे एक-सव्वा किलो (दर चौरस सेंटीमीटरला). रिकामं टायर भरायला बाहेरची दोनशे-अडीचशे लिटर हवा आत कोंबली की काम झालं.

आता ट्रकचं १०.००-२० मापाचं टायर घ्या. बघायला त्याच्यापेक्षा लहान, आतली जागा ढोबळमानाने शंभर-सव्वाशे लिटर. पण लोडच्या गाडीला त्यात ११०-१२० पाउंड, म्हणजे आठ किलोच्या आसपास हवा लागते. आठ किलो म्हणजे टायरच्या पोटाच्या आठपट हवा. नऊशे-हजार लिटर झाली. लहान दिसणारं टायर मोठ्या टायरच्या चौपट हवा पितं, आणि शेवटचे वीस-तीस पाउंड तर कॉम्प्रेसरचा जीव काढतात.

म्हणून मशीन टायरच्या उंचीवर ठरत नाही, दाबावर ठरतं. आमच्याकडे एकजण जेसीबीच्या टायरकडे बघून साडेसात एचपी घ्यायला निघाला होता. त्याच्याकडे दोन जेसीबी आणि एक ट्रॅक्टर. त्याचं काम दोन एचपीवर आरामात भागतं.

किती हवा भरायची हे कॉम्प्रेसरवाला सांगत नाही. ते टायरच्या बाजूवर आणि गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. बाजूवरचा आकडा बहुतेक वेळा कमाल लोडचा असतो, हे ध्यानात ठेवा.

सिंगल स्टेज की टू स्टेज?

सिंगल स्टेजमध्ये हवा एकाच दमात दाबली जाते. टू स्टेजमध्ये मोठ्या सिलिंडरमध्ये अर्धी दाबून, मधल्या पंख्यावाल्या नळीतून थंड करून, मग लहान सिलिंडरमध्ये पुन्हा दाबतात. हवा दाबली की तापते, आणि तापलेली हवा दाबायला जास्त ताकद लागते. मधे थंड केल्यामुळे विजेचीही बचत होते आणि हेडचं, म्हणजे हवा दाबणाऱ्या सिलिंडर-पिस्टनच्या भागाचं, आयुष्यही वाढतं.

पण ट्रकवाल्यासाठी खरा मुद्दा वेगळा आहे. सिंगल स्टेज मशीन साधारण आठ-नऊ किलोला कट होतं, म्हणजे आपोआप थांबतं, आणि सहा-साडेसहाला परत चालू होतं. तुमच्या टायरला लागतात आठ. टाकीत आठ आणि टायरात आठ झालं की हवा जागची हलत नाही. पाणी उतारावरून वाहतं, तशी हवा जास्त दाबाकडून कमी दाबाकडे जाते. टाकी सातवर आली की टायरला ती काहीच देऊ शकत नाही, आणि तुम्ही नोजल धरून बसता.

टू स्टेज मशीन बाराला कट होतं, नऊ-दहाला परत उचलतं. म्हणजे टाकी सगळ्यात रिकामी असतानाही टायरच्या वर असते. ट्रकचं टायर भरायचं असेल तर टू स्टेजच. ट्रॅक्टर, पिकअप, कार, मोटरसायकल एवढंच असेल तर सिंगल स्टेज पुरून उरतं, उगाच पैसे घालू नका.

पाटीवर २० सीएफएम लिहिलंय. म्हणजे मिनिटाला २० घनफूट हवा मिळणार ना?

नाही मिळणार. पाटीवरचा आकडा बहुतेक वेळा पिस्टन डिस्प्लेसमेंटचा असतो, म्हणजे पिस्टन दर फेरीत किती जागा व्यापतो त्याचा हिशोब. प्रत्यक्ष बाहेर पडणारी हवा, म्हणजे फ्री एअर डिलिव्हरी (एफएडी), त्याच्या साधारण ६५ ते ८० टक्के असते. दुकानदाराला विचारताना शब्द नेमका वापरा: “बारा किलोला एफएडी किती?” तो गडबडला तर समजून जा. पाच एचपीच्या चांगल्या टू स्टेज मशीनकडून १४-१६ सीएफएम खरी हवा मिळाली तर उत्तम.

मग खरी हवा मोजायची कशी?

घड्याळ आणि टाकीवरचं मीटर, एवढंच लागतं. टाकीच्या पाटीवर लिटर लिहिलेले असतात. टाकी पूर्ण रिकामी करा, बाहेर जाणारा कॉक बंद करा, मशीन चालू करा आणि काटा शून्यापासून आठ किलोवर जायला किती मिनिटं लागली ते बघा. लिटर गुणिले आठ, भागिले मिनिटं. जे येईल ते मिनिटाला लिटर. त्याला २८ ने भागलं की सीएफएम.

हे मी फटका खाऊन शिकलो. पहिलं मशीन जुनं घेतलं होतं, पुण्यातल्या एका जुन्या मालाच्या व्यापाऱ्याकडून. पाच एचपी, २२० लिटर टाकी, नवा निळा रंग, पाटीवर २० सीएफएम. बघायला नवरदेव. दुकानात आणून बसवलं आणि पहिल्याच दिवशी ट्रकचं एक टायर भरायला पावणेदहा वाजल्यापासून दहा वाजले. वडील बाकावर बसून घड्याळ बघत होते, बोलले काही नाहीत. नंतर हिशोब केला. शून्य ते आठ किलोला नऊ मिनिटं. २२० गुणिले ८ भागिले ९ म्हणजे १९५ लिटर, जेमतेम सात सीएफएम. चांगल्या मशीनने हेच काम चार-साडेचार मिनिटांत करायला हवं होतं. हेड उघडलं तर एका व्हॉल्व्हची पट्टी तुटलेली, पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या. रंगावर मशीन घेतलं होतं आम्ही.

तेव्हापासून जुनं मशीन बघायला जाताना मोबाईलमध्ये स्टॉपवॉच लावतो. विकणारा “लाईट नाहीये आत्ता” म्हणाला तर लाईट असताना परत येतो.

टाकी किती लिटरची हवी?

टाकी हवा तयार करत नाही, साठवते. २२० लिटरची टाकी बारावरून नऊ किलोवर येईपर्यंत साडेसहाशे लिटर हवा देते. ९० वरून ११५ पाउंड करायला ट्रकच्या एका टायरला दोनशे लिटरच्या आसपास लागतात, म्हणजे मोटर सुरू व्हायच्या आत तीन टायर होतात. रिकामं टायर मात्र एकटंच टाकी खाली करून वर मशीनकडे मागतं.

दोन एचपीला शंभर-सव्वाशे, तीनला १६० ते २००, पाचला २२० ते ३०० लिटर ही जोडी बाजारात असतेच. लहान मशीनला मोठी टाकी जोडायचा सल्ला कोणी दिला तर थोडा विचार करा. पहिली टाकी भरेपर्यंत मोटर जास्त वेळ सलग चालणार. पिस्टनवाली मशीन दिवसभर सलग चालायला बनलेली नसतात. दहा मिनिटांत सहा-सात मिनिटं चालून बाकी वेळ थांबली पाहिजेत. तुमचं मशीन थांबतच नसेल तर एकतर ते लहान आहे, नाहीतर कुठेतरी हवा गळतेय.

ट्यूबलेसवाल्यांसाठी मात्र मोठी टाकी हवीच. रिमवर बीड (टायरची आतली कडा) बसवायला दाबापेक्षा एकदम सुटणारा झोत लागतो, आणि तो टाकीच देते.

सिंगल फेजवर चालेल का?

तीन एचपीपर्यंत चालतं. पाच एचपीला थ्री फेज घ्या. सुरू होताना मोटर पाच-सहापट करंट ओढते. रात्री आठच्या सुमाराला गावात व्होल्टेज १८० वर आलेलं असेल तर तीन एचपीची सिंगल फेज मोटर गुरगुरत बसते आणि कपॅसिटर जातो. मोटर सुरू होताना हेडमध्ये अडकलेला दाब सुटायला हवा. मशीन थांबलं की ‘फुस्स’ आवाज येतो ना, तो त्यासाठीच असतो. तो आवाज बंद झाला की मोटर जळायची वेळ जवळ आली समजा.

थ्री फेजला चांगला स्टार्टर लावा आणि त्यात सिंगल फेजिंगचं संरक्षण घ्या. एक फेज गेली तरी मोटर फिरत राहते आणि वाइंडिंग जळतं. रिवाइंडिंगचा खर्च त्या संरक्षणाच्या कितीतरी पट असतो.

आणखी एक. रस्त्याकडेला शेत असलेले पुष्कळजण शेतीपंपाच्या कनेक्शनवर कॉम्प्रेसर जोडतात. ते करू नका. एका कामासाठी घेतलेली वीज दुसऱ्या कामाला वापरली की वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली बिल येतं, आणि ते झोप उडवणारं असतं. शिवाय शेतीची थ्री फेज कधी दिवसा, कधी रात्री. गिऱ्हाईक तुमच्या पाळीची वाट बघत नाही.

वीजच भरवशाची नाही. डिझेल इंजिनवर घेऊ का?

उसाच्या फडाजवळ, घाटाच्या पायथ्याला, खाणीवर दुसरा उपाय नाही. पाच एचपीच्या इंजिनाला तासाला साधारण लिटरभर डिझेल लागतं. फक्त एक बघून घ्या. इंजिनाला विजेच्या मोटरसारखं कट-आउट नसतं. टाकी भरली तरी ते फिरतच राहतं, म्हणून हेडवर अनलोडर असायलाच हवा. टाकी भरली की तो हवा बाहेर सोडून देतो आणि इंजिन हलकं फिरतं. अनलोडर नसलेलं मशीन म्हणजे सगळा भरवसा एका सेफ्टी व्हॉल्व्हवर.

बारा व्होल्टवाला छोटा पंप ट्रकला चालेल का?

चालवू नका. एक तर ट्रकची लाईन बहुधा चोवीस व्होल्टची असते, बारा व्होल्टचा पंप थेट जोडला की जळतो. दुसरं म्हणजे त्याची हवा मिनिटाला तीस-पस्तीस लिटर, तीही दाब नसताना. ट्रकच्या रिकाम्या टायराला हजार लिटर लागतात. गणित तुम्हीच करा. कारला, फार तर पिकअपला अडीअडचणीला ठीक आहे.

ट्रकवाल्याकडे याहून चांगली सोय आधीच असते. एअर ब्रेकच्या गाडीत कॉम्प्रेसर असतोच. पुष्कळ गाड्यांना हवा भरायची जोडणी दिलेली असते, तिला नळी लावून इंजिन चालू ठेवलं की स्टेपनी भरता येते. ब्रेकची हवा सात-आठ किलोपर्यंतच असते, त्यामुळे पूर्ण दाब येईलच असं नाही, पण दुकानापर्यंत गाडी आणायला पुरतं. आठ-दहा मीटर नळी केबिनमध्ये असावी. आमच्याकडे येणारे जुने ड्रायव्हर सीटखाली गुंडाळून ठेवतात.

नट खोलायची हवेची गन पुढे-मागे घ्यायची आहे. हेच मशीन चालेल?

बरं झालं आत्ताच विचारलंत. हवा भरायला म्हणून मशीन घेतात आणि सहा महिन्यांनी ट्रकच्या नटाची एक इंची गन आणतात. ती टायरपेक्षा जास्त हवा खाते, आणि तीही एकदम. एका चाकाचे दहा नट खोलेपर्यंत पाच एचपीची टाकी खाली येते. गन घ्यायचा विचार पक्का असेल तर साडेसात ते दहा एचपी आणि चारशे-पाचशे लिटरची टाकी आत्ताच घ्या.

पट्ट्याचं घ्यावं की डायरेक्ट (मोटर थेट हेडला जोडलेलं)? ऑइल-फ्री कसं?

दुकानासाठी पट्ट्याचं. हेड सावकाश फिरतं, कमी तापतं, आवाज कमी, आणि पट्टा तुटला तर तालुक्याला मिळतो. डायरेक्ट आणि ऑइल-फ्री मशीन हलकी, घरापुरती छान. दिवसभराच्या कामाला नकोत.

ऑइल कॉम्प्रेसरचंच घाला. इंजिन ऑइलने व्हॉल्व्हवर काजळी धरते.

नळी आणि मीटरला एवढे पैसे कशाला?

कारण बारा किलोचं मशीन घेऊन त्याला सहा मिलीमीटरची पातळ, तीन ठिकाणी तारेने बांधलेली नळी लावणारे मी रोज बघतो. निदान आठ, जमलं तर दहा मिलीमीटरची, वीस किलोचा दाब झेलणारी नळी घ्या. जोडचाकाच्या आतल्या टायरसाठी लांब मानेचा नोजल घ्या. आतल्या टायरात हवा आहे का हे टॉमी (लोखंडी दांडा) ठोकून ठरवण्याची आपल्याकडे पद्धत आहे. कान तयार असला तरी नव्वद आणि एकशे दहातला फरक ठोकून कळत नाही. आतलं टायर बसलेलं असतं, सगळं वजन बाहेरच्यावर येतं, आणि मग दोन्ही जातात.

मीटर नळीतच बसवलेलं घ्या. वर्षातून एकदा दुसऱ्या चांगल्या मीटरशी ताडून बघा.

हवा गार टायरात बघायची. नव्वद किलोमीटर पळून आलेल्या टायरात दाब चढलेलाच असतो. ट्रकच्या टायरात दर दहा अंशाला साधारण चार पाउंड वाढतात. तो बघून हवा सोडली की रात्री टायर कमी हवेवर पळतं.

ट्रॅक्टरच्या टायरात पाणी भरलेलं असेल तर?

व्हॉल्व्ह वर येईल असं चाक फिरवून घ्या, नाहीतर पाणी मीटरात शिरतं. पाण्यामुळे हवेची जागा कमी होते, त्यामुळे दाब चटकन चढतो. थोडं थोडं भरा.

मोठं टायर भरताना खरंच एवढा धोका असतो का?

असतो. आठ किलोला भरलेलं ट्रकचं टायर फुटणं म्हणजे स्फोटच. रिंगवाल्या रिमची लॉक रिंग नीट बसली नसेल तर ती उडते, आणि तिच्या वाटेत जो असेल तो वाचत नाही. रेडियलचं, म्हणजे आत तारा असलेल्या टायरचं, वेगळं. हवा नसताना पळवलेल्या टायरच्या बाजूच्या तारा आतून तुटलेल्या असतात, बाहेरून काही दिसत नाही. भरताना बाजू चेनसारखी उघडते.

अमेरिकेतला कामगार सुरक्षेचा नियम सांगतो की, ठरलेल्या दाबाच्या ८० टक्के किंवा त्याहून कमी हवेवर पळालेलं टायर तसंच भरायचं नाही, उतरवून आतून बघायचं. तो कायदा आपल्याकडे नाही, पण रबर आणि तार तीच आहे. आमच्या दुकानात ११५ च्या टायरात नव्वदच्या खाली हवा सापडली आणि गाडी तशीच पळून आलेली असली, तर आधी खोलतो. ड्रायव्हर वैतागतात. वैतागू दे.

लोखंडी पिंजरा घ्या, आणि रिंगवालं चाक सुरुवातीपासून पिंजऱ्यातच भरा. चिमट्यासारखा धरून राहणारा नोजल आणि लांब नळी असली की माणूस लांब, ट्रेडच्या (रस्त्याला टेकणाऱ्या भागाच्या) दिशेला उभा राहू शकतो. बाजूच्या समोर कधीच नाही. टायरातून टिकटिक, चरचर आवाज आला की जवळ जाऊ नका, नळीच्या दुसऱ्या टोकाला हवा सोडायची सोय ठेवा. बीड बसवायला पेट्रोल किंवा स्प्रे मारून पेटवतात, ते मोबाईलवर बघायला मजेचं वाटतं. आमच्याकडे कोणाला करू देत नाही.

नायट्रोजनचं मशीनही घ्यावं का?

साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतोच. गिऱ्हाईक मागत असेल तर धंदा म्हणून घ्या.

देखभाल काय करावी लागते?

पट्टा अंगठ्याने दाबून बघा, फिल्टर झटका, ऑइलची काच बघा. आणि रोज संध्याकाळी टाकीखालचा कॉक उघडा. हे एक काम कोणी करत नाही. हवेतली वाफ दाबली की टाकीत पाणी होतं. पावसाळ्यात आमच्याकडे रोज तांब्याभर निघतं, कोकणातल्यांना याहून जास्त निघेल. ते साठलं की टाकी खालून गंजते, आणि हवेबरोबर टायरात जाऊन रिम खातं.

नव्या पोराला मी पहिल्या दिवशी तो कॉक उघडायला लावतो. गढूळ, तांबूस पाणी पायावर उडतं आणि तो दचकून मागे सरतो. पुढे रोज बिनबोलता उघडतो, थोडा बाजूला उभा राहून.